मदत हवी आहे: नवी १२५ सीसी गाडी, कोकणातला रस्ता आणि घरच्या घरी देखभाल

मार्गताम्हाणे_मार्गे:

नमस्कार मंडळी,

पहिलीच गाडी घेतली आहे. १२५ सीसी, पुढे डिस्क, मागे ड्रम, ट्यूबलेस टायर, चेन उघडी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पन्नास प्रतिसाद "ही कशाला घेतलीत" यावरच जातील. राहते चिपळूणला, नोकरी शृंगारतळीला. रोजचा रस्ता चढउताराचा, आठ महिने लाल धूळ आणि उरलेले चार महिने त्याच धुळीचा चिखल.

घरात सल्ल्यांची कमी नाही. बाबांनी वर्षानुवर्षं किकवाली गाडी चालवली, चोक ओढून आणि पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला फिरवून. माझ्या गाडीला चोकही नाही आणि कॉकही नाही, त्यामुळे त्यांचं निम्मं ज्ञान बाद झालंय, पण ते मान्य करायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं: सकाळी पाच मिनिटं गाडी चालू ठेवायची, चाळीसच्या वर न्यायची नाही, चेनवर जुनं ऑइल ओतायचं. शेजारचे काका म्हणतात आठवड्याला डिझेल वॉश कर. पंपावरचा मुलगा दोन्ही चाकांत डोळे झाकून चाळीस हवा मारतो. ऐकू कोणाचं?

माझे प्रश्न:

पहिली सर्व्हिसिंग किलोमीटर पाहून करायची की दिवस पाहून? "फ्री" म्हणाले, पण ऑइलचे पैसे लागतील असंही म्हणाले. शिवाय इंजिन ट्रीटमेंट आणि टेफ्लॉन कोटिंग करून घ्या म्हणून आत्ताच मागे लागलेत. गरज आहे का?

चेन खळखळ वाजते. ढिली आहे की कोरडी, हे मला कसं कळणार?

गाडी साइड स्टँडवर चालू केली आणि गिअर टाकला की फटकन बंद पडते. काही बिघाड तर नाही ना?

अ‍ॅव्हरेज शोरूममध्ये सांगितलं त्याच्या जवळपासही नाही.

पाने-बिने वापरायची मला भीती नाही, फक्त कशाला हात लावायचा आणि कशाला नाही ते सांगा.

पाना_दहाबारा:

ताई, सोपं आधी. साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद व्हायलाच हवं. बऱ्याच नव्या गाड्यांत तो सेन्सर असतो, स्टँड विसरून निघालेला माणूस पहिल्या डाव्या वळणावर आडवा होऊ नये म्हणून. पावसाळ्यात त्या स्विचमध्ये चिखल बसला की स्टँड वर असूनही गाडी बंद पडते. तेव्हा घाबरून मेकॅनिक शोधू नका. आधी तिथे पाणी मारा, फडक्याने पुसा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

सर्व्हिसिंग: किलोमीटर आणि दिवस यातलं जे आधी भरेल ते. तुमच्या रोजच्या रनिंगला किलोमीटरच आधी भरणार. पहिली सर्व्हिसिंग मात्र टाळू नका. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना घासून जागेवर बसत असतात, त्याची बारीक धातूची पूड ऑइलमध्ये उतरते. पहिलं ऑइल काळं, चमचमतं निघतं ते त्यामुळेच. फ्री म्हणजे मजुरी फ्री, ऑइल तुमचं. आणि गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी सोडा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची बारीक फट, थंड इंजिनवर मोजतात. तुम्ही पस्तीस किलोमीटर तापवून आणलेली गाडी लगेच उघडली तर ते माप खरं येत नाही.

इंजिन ट्रीटमेंट नको. नव्या इंजिनात ट्रीट करायला आहे काय? कोटिंगही नको, त्या पैशात दोन वेळचं ऑइल येतं. जॉबकार्डवर सही करण्याआधी त्यावर काय काय लिहिलंय ते वाचा आणि नको ते तिथेच खोडायला लावा.

ऑइलचा ग्रेड, म्हणजे जाड-पातळपणाचा आकडा, पुस्तिकेत दिलेला तोच. हल्लीच्या बहुतेक १२५ ना १०डब्ल्यू-३० लागतं. "आपल्याकडे गरम होतं, २०डब्ल्यू-५० टाकू" म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा. डब्यावर जासो (JASO) एमए किंवा एमए२, हा बाइकच्या ऑइलचा दर्जा, लिहिलेला हवा. आपला क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारचं ऑइल टाकलं तर प्लेटा घसरतात. आणि डबा एक लिटरचा आहे म्हणून आख्खा ओतू देऊ नका. कितीतरी गाड्यांत ८००-९०० मिलीच बसतं, जास्त झालेलं ऑइलही त्रास देतं.

टाकीफुल्ल:

वरच्याला +१. अ‍ॅव्हरेजबद्दल थोडं.

शोरूमचा आकडा हा सपाट रस्त्याचा, एकट्या माणसाचा, ठरावीक वेगाचा. तुमचा रस्ता तसा नाही, आणि नवं इंजिन मोकळं व्हायला हजारेक किलोमीटर जातात. शिवाय आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते, त्यामुळे थोडा फटका बसणारच. मीटरवर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असा हिशोब धरा.

बाबांना सांगा, चोक गेला तो फ्युएल इंजेक्शनमुळे. किती पेट्रोल द्यायचं ते आता ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे पाच मिनिटं जागेवर घुरघुरत ठेवून फक्त पेट्रोल जातं. अर्धा मिनिट थांबा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. मात्र रिझर्व्हची सवय तुम्ही लावून घेऊ नका. पेट्रोलचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो, काटा रोज तळाला नेऊ नये. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरलेली बरी.

चाळीसच्या वर न्यायची नाही हेही अर्धंच खरं. एकाच वेगाने तासभर चालवू नका, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळू नका, एवढं पुरे. त्यापेक्षा वाईट म्हणजे चढावर अ‍ॅव्हरेजच्या लोभाने चौथ्या-पाचव्यात गाडी रडवत नेणं. गिअर खाली घ्या.

वाशिष्ठीकाठ:

मी तुमचाच गाववाला. आपल्याकडे गाडी इंजिनने मरत नाही, चेनने आणि गंजाने मरते. म्हणून चेनबद्दल सविस्तर लिहितो.

गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रल. चावी काढून खिशात. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसणारे महाभाग आहेत, फडकं चेनमध्ये अडकलं की त्यामागोमाग बोट जातं. चाक हातानेच फिरवायचं.

खालच्या बाजूची चेन मधोमध बोटाने वर-खाली करा. साधारण २५-३० मिमी हलली पाहिजे, नेमका आकडा पुस्तिकेत किंवा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर असतो. एकाच जागी मोजून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी बघा आणि जिथे सगळ्यात ताठ लागेल तिथलं माप धरा. ढिली असेल तर खळखळते आणि गिअर बदलताना झटका देते. माप बरोबर असूनही वाजते, हाताला खरखरीत लागते, कड्यांवर लालसर पूड दिसते, म्हणजे कोरडी आहे. नवी चेन सुरुवातीला थोडी ताणतेच.

टाइट करायची तर मागचा एक्सल नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवायचे, स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा दोन्हीकडे जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि एक गोष्ट सगळे विसरतात: चेन ओढली की चाक मागे सरकतं आणि ड्रम ब्रेकचा रॉड ताणला जातो. त्यामुळे ब्रेकचा प्ले (ब्रेक लागण्याआधी पेडल किती मोकळं दबतं ते) आणि ब्रेक लाइट पुन्हा तपासायचा. पहिल्यांदा मेकॅनिकसमोर उभं राहून बघून घ्या.

साफसफाईला ब्रश आणि रॉकेल. रॉकेल आता मिळतंय कुठे म्हणाल तर चेन क्लीनर घ्या. मग कोरडी पुसून गिअर ऑइल ९० ब्रशने चेनच्या आतल्या बाजूने. जुनं इंजिन ऑइल नको, त्यात धातूची पूड असते. सगळं रात्री करायचं, म्हणजे सकाळपर्यंत ऑइल मुरतं आणि जास्तीचं पुसता येतं. एरवी पाचशे किलोमीटरला एकदा, पावसाळ्यात तुमच्या रनिंगला आठवड्याला.

डिझेल वॉश अजिबात नको. चकाकते खरी, पण रबर फुगतं, आणि डिस्कवर उडालं तर पुढचा ब्रेक लागणार नाही. साधं पाणी आणि शाम्पू. प्रेशरची नळी सायलेन्सरच्या तोंडात, एअर फिल्टरकडे आणि चाकाच्या बेअरिंगवर रोखून धरू देऊ नका. गुहागरच्या किनाऱ्यावर जाऊन आलात तर घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा, खारी हवा नट-बोल्ट खाते.

आणि चिपळूणकर म्हणून सांगतो. २२ जुलै २०२१ ला इथे जो महापूर आला त्यात कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. गाडी सायलेन्सरच्या, फिल्टरच्या वर बुडाली असेल तर सेल्फ मारून बघायचा मोह आवरायचा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर सोडा, प्लग काढा, ऑइल बघा. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. ढकलत गॅरेजला न्या.

मीटरखाली:

डिझेलला एवढी नावं ठेवू नका, गाडीवर मारायचं नाही हे मान्य, पण चेन धुवायला आम्ही तेच वापरतो. ओ-रिंगवाली (कड्यांत रबराच्या रिंगा असलेली) चेन नसेल तर काही होत नाही. पेट्रोल मात्र नको.

हवेचं: चाळीस फार झाली, आणि दोन्ही चाकांत सारखी तर नाहीच. तुमच्या गाडीचा आकडा स्टिकरवर असतो, मागच्या चाकाला एकट्याचा वेगळा आणि डबलसीटचा वेगळा. सकाळी टायर थंड असताना बघायची. जास्त हवेत ओल्या रस्त्यावर पकड जाते. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मागतील, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

एअर फिल्टर हल्ली बऱ्याच गाड्यांत तेल लावलेला कागदी असतो. त्याला कॉम्प्रेसरने हवा मारून परत बसवतात, ते चुकीचं आहे. तो बदलायचाच असतो, आणि लाल धुळीत पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधी.

मार्गताम्हाणे_मार्गे:

सगळ्यांचे आभार. स्टिकर सापडला, चेन कव्हरवरच होता. हवेचा आकडा आता फोनमध्ये टाकून पंपावर दाखवते. चेन एका जागी अगदी ताठ आणि अर्ध्या फेऱ्यानंतर बरीच ढिली लागतेय. हे नॉर्मल आहे? आणि ऑइल मी स्वतः आणून दिलं तर सर्व्हिस सेंटर नाही म्हणू शकतं का?

पाना_दहाबारा:

थोडा फरक चालतो. नव्या गाडीत डोळ्यांना दिसण्याइतका फरक असेल तर स्वतः पाना लावू नका, पहिल्या सर्व्हिसिंगला जॉबकार्डवर "चेन असमान" असं लिहून घ्या. वॉरंटीत असताना ते लेखी असलेलं बरं.

ऑइलचं म्हणाल तर वॉरंटी संपेपर्यंत त्यांच्याकडचंच टाका आणि बिल जपा. फक्त डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. आणि ऑइल बदलल्यावर लेव्हल स्वतः बघा: गाडी सपाट जागी डबल स्टँडवर, दोन-तीन मिनिटं चालू करून बंद करायची, आणखी तेवढाच वेळ थांबायचं, डिपस्टिक पुसून आत घालायची. काही गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघतात, तुमच्या पुस्तिकेत चित्र असेल. दोन खुणांच्या मध्ये असेल तरच गाडी बाहेर काढा.