अमित कुमार : वडिलांची नक्कल, की आपण नीट ऐकलेच नाही?

धागालेखक

गेल्या रविवारी एका नातेवाइकांकडे जेवणानंतर जुनी गाणी लावली होती. ‘बडे अच्छे लगते हैं’ सुरू झाले आणि आयुष्यभर हिंदी गाणी जिवापाड ऐकलेले एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, “किशोरला तोड नाही.” हे गाणे किशोर कुमारांचे नसून त्यांच्या मुलाचे, अमित कुमारांचे आहे, असे मी सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “मग नक्कलच म्हणायची.” ज्या गाण्याने घटकाभरापूर्वी डोळे मिटले, तेच गाणे नाव कळताच नक्कल कसे ठरते, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

अमित कुमारांचा जन्म ३ जुलै १९५२ रोजी कलकत्त्यात झाला. आपण त्यांच्याविषयी बोलताना फक्त वडिलांचे नाव घेतो, पण त्यांची आई रुमा गुहाठाकुरता स्वतः मोठ्या कलावंत होत्या. सत्यजित राय यांच्या ‘अभिजान’ आणि ‘गणशत्रु’ या चित्रपटांत त्यांनी काम केले आणि १९५८ साली ‘कलकत्ता यूथ क्वायर’ ही वृंदगानाची संस्था उभी केली. त्याच वर्षी किशोर कुमारांशी त्यांचा घटस्फोट झाला आणि अमित यांचे बालपण आईजवळ, कलकत्त्यात गेले. वृंदगानात एका गळ्याने पुढे घुसायचे नसते. अमित कुमारांच्या गाण्यात जो इतरांना सामावून घेणारा मृदूपणा आहे, तो मला त्या घरातून आलेला वाटतो. त्यांना ‘छोटा किशोर’ म्हणून मोकळे होणे हा त्या आईवरही अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे.

तबकडी

आईविषयीचा मुद्दा मनापासून मान्य आहे, पण अन्याय हा शब्द मला पटत नाही. १९६४ च्या ‘दूर गगन की छाँव में’पासून ‘दूर का राही’, ‘बढती का नाम दाढी’ आणि ‘चलती का नाम जिंदगी’पर्यंत अमित कुमारांना पडद्यावर जे काम मिळाले, ते प्रामुख्याने वडिलांनी स्वतः काढलेल्या चित्रपटांतले आहे. विशीच्या सुरुवातीला ‘बडे अच्छे लगते हैं’साठी राहुल देव बर्मन यांच्यासारख्या संगीतकाराची चाल आणि आनंद बक्षींचे शब्द वाट्याला येणे, हेदेखील रांगेत उभ्या असलेल्या कोणाच्या नशिबात नव्हते.

शेजारी कुमार सानू यांना उभे करून पाहावे. तेही कलकत्त्याचेच. त्यांच्यावरही किशोर कुमारांची नक्कल केल्याचा शिक्का होता आणि सुरुवातीला त्यांनी किशोर कुमारांची गाणी आपल्या आवाजात गाऊन ध्वनिफिती काढल्याही होत्या. त्यांच्या पाठीशी घराणे नव्हते. तरीही १९९० च्या ‘आशिकी’नंतर त्यांनी सलग पाच वर्षे फिल्मफेअर पारितोषिक मिळवले. शिक्का दोघांवर एकच असताना एक जण तो पुसू शकतो आणि दुसरा पुसू शकत नाही, तर दोष श्रोत्यांच्या कानाला कसा देता येईल?

धागालेखक (तबकडी यांस)

शिक्का एकच नव्हता, असे मला वाटते. परक्या माणसाने किशोर कुमारांसारखे गायले, तर लोक कौतुकाने म्हणतात, “बघा, किती हुबेहूब!” मुलगा तसा गायला, तर त्याला काय मोठेसे, रक्तातच आहे, असे म्हणतात, आणि जरा निराळा गायला, तर वडिलांची सर नाही म्हणतात. मुलाला दोन्ही बाजूंनी मार बसतो.

आणि ते निराळे गात होतेच. १९७९ चा ‘बातों बातों में’ घ्या. वांद्र्याची वस्ती, लोकल गाडी आणि अमोल पालेकर. राजेश रोशन यांनी याच पालेकरांसाठी ‘सुनिए कहिए’ किशोर कुमारांकडून गाऊन घेतले आणि ‘ना बोले तुम ना मैंने कुछ कहा’ अमित कुमारांकडून. दोन्ही गाण्यांत सोबत आशा भोसले आहेत. म्हणजे नायक तोच, संगीतकार तोच, सहगायिकाही तीच, फक्त बाप आणि लेक बदलले. याहून चांगली तुलना कोणी मुद्दाम आखली असती, तरी मिळाली नसती. पहिल्या गाण्यात नायक खट्याळ आहे, तर दुसऱ्यात तो संकोचाने बोलतो आहे आणि हा संकोच वडिलांच्या भरदार गळ्यातून इतका सहज आला नसता.

मध्यसप्तक

मी ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रामध्ये गात असे, त्यामुळे दोघांचीही गाणी गळ्यातून काढावी लागली आहेत. किशोर कुमारांचे गाणे गाताना आवाजाची फेक सांभाळावी लागते. खर्जात, म्हणजे खालच्या स्वरांत, आवाज भरून उभा राहिला पाहिजे आणि वर जाताना तो पातळ होता कामा नये. अमित कुमारांच्या गाण्यात अडचण वेगळीच येते. ‘बडे अच्छे लगते हैं’मध्ये मुखड्याच्या शेवटच्या दोन शब्दांआधी ते जी जागा रिकामी सोडतात, ती रिकामी ठेवणे हेच त्या गाण्यातले सर्वांत कठीण काम आहे. नवा गायक ती जागा घाबरून भरून टाकतो, हे मी तालमीत कितीदा तरी पाहिले आहे. ‘जीवा’ चित्रपटातले ‘रोज रोज आँखों तले’ ऐकताना आशाताईंच्या आवाजाला ते कुठे पुढे जाऊ देतात आणि कुठे हळूच सोबत करतात, तेही पाहावे.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. मंचावर मी अमित कुमारांचे ‘याद आ रही है’ गायलो की टाळ्या पडत आणि लगेच मागून आवाज येई, “आता किशोरचे होऊ द्या!” एका संयोजकाने तर हे गाणे जाहिरातीतल्या ‘किशोर गीते’ या यादीतच छापले होते. मी तक्रार केली, तेव्हा “लोकांना काय कळते?” असे उत्तर मिळाले. लोकांना कळत नाही, हे गृहीत धरूनच त्या गायकाचे नाव पुसले गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

कोथरूडकर

चर्चा आवाजाभोवतीच फिरते आहे, म्हणून दुसऱ्या एका कारणाकडे लक्ष वेधतो. हिंदीत पार्श्वगायक नायकाच्या खांद्यावर बसून वर जातो. १९६९ च्या ‘आराधना’नंतर किशोर कुमारांना राजेश खन्ना मिळाले. अमित कुमारांना १९८१ च्या ‘लव्ह स्टोरी’ने नायक म्हणून कुमार गौरव दिले आणि त्या चित्रपटातल्या ‘याद आ रही है’साठी फिल्मफेअर पारितोषिकही मिळाले. त्या वर्षी नामांकनांत खुद्द वडील होते, हे विसरू नये. पुढच्या वर्षी ‘तेरी कसम’ची गाणी घरोघरी वाजली. मात्र त्यानंतर कुमार गौरव यांचीच घोडदौड थांबली आणि या आवाजाला चेहरा उरला नाही.

१३ ऑक्टोबर १९८७ रोजी किशोर कुमार गेले, तेव्हा मोकळी झालेली जागा मुलाकडे येईल, असे अनेकांना वाटले असणार. १९८८ च्या ‘तेजाब’मध्ये अमित कुमारांचे ‘कह दो के तुम’ गाजलेही. पण त्याच वर्षी आमिर खान उदित नारायण यांच्या आवाजात गाऊ लागले आणि पुढच्या वर्षी सलमान खान एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या. नवे नायक नवे आवाज घेऊनच आले. ज्यांनी अमित कुमारांवर सर्वाधिक विश्वास टाकला, त्या बर्मनांकडेही तेव्हा पूर्वीइतके काम राहिले नव्हते. ४ जानेवारी १९९४ रोजी बर्मन गेल्यावर अमित कुमारांनी पार्श्वगायनातून जवळजवळ अंग काढून घेतले आणि ते मंचाकडे वळले. त्यामुळे त्यांना अपयशी म्हणणे मला जमत नाही आणि अन्यायग्रस्त म्हणणेही नाही.

धागालेखक

कोथरूडकरांचा नायकांविषयीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तो मान्य करून ‘अन्याय’ हा शब्द मी थोडा मागे घेतो, पूर्ण नाही. २०२१ साली दूरचित्रवाणीवरच्या एका स्पर्धेत त्यांना खास पाहुणे म्हणून बोलावले, तेही किशोर कुमारांच्या गाण्यांसाठीच. सर्वांची स्तुती करा असे आपल्याला सांगितले होते आणि तो भाग आपल्याला आवडला नाही, हे त्यांनी नंतर उघडपणे सांगितले, तेव्हा गदारोळ झाला. त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचा विशेष भाग करावा, असे मात्र त्या गदारोळात कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

‘दूर गगन की छाँव में’ परवा पुन्हा पाहिला. त्यात अमित यांनी मुक्या मुलाचे काम केले आहे आणि ‘आ चल के तुझे’ हे गाणे वडील त्या मुलासाठी गातात. गायकाच्या मुलाचा पडद्यावरचा पहिला मोठा प्रवेश असा मुका असावा, हे पाहताना पोटात कालवले.

तबकडी

काल रात्री ‘सुनिए कहिए’ आणि ‘ना बोले तुम’ लागोपाठ तीनदा ऐकले. दोन गळे वेगळे आहेत, हे मान्य करतो. ‘नक्कल’ हा शब्द मी यापुढे वापरणार नाही. पण पुन्हा ऐकायचे ठरवले, तेव्हा बोट ‘सुनिए कहिए’कडेच गेले आणि ते नावामुळे गेले, असे मला तरी वाटत नाही.