रिझर्वॉयर डॉग्ज: कधी बघितला, काय राहिलं डोक्यात?

मंडळी, परवा राजारामपुरीत चहावर विषय निघाला आणि तास कसा गेला कळलंच नाही, म्हणून इथं विचारतोय. व्हिडिओच्या दुकानात काम करणारा टॅरंटिनो, म्हणजे या पिक्चरचा दिग्दर्शक, मित्रांनाच घेऊन १६ एमएमच्या स्वस्त फिल्मवर हा पिक्चर उरकणार होता, मग स्क्रिप्ट नट हार्वी कायटेलच्या हातात पडली, तो सहनिर्माता झाला आणि १९९२ ला अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिवलमध्ये पिक्चर आला. ९९ मिनिटं फक्त. दरोड्याचा पिक्चर आणि दरोडाच दाखवलेला नाही! तरी माणसं तो इतकी वर्षं परत परत का बघतात? आपापलं लिहा, सविस्तर लिहा. शेवट फुटणार आहे, न बघितलेल्यांनी आधी बघून या.

शिवाजी पेठ साउंड
गणपतीत, लग्नात साउंड लावायचं काम माझं, त्यामुळं लक्ष पहिलं आवाजाकडं जातं. पकडून आणलेल्या पोलिसाचा कान कापायचा सीन सगळ्यांना माहीत आहे, पण त्यानंतर कापणारा मिस्टर ब्लाँड (टोळीत सगळ्यांना अशी रंगांची खोटी नावं) पेट्रोलचा कॅन आणायला बाहेर गाडीकडं जातो ते नीट ऐका. आत रेडिओवर गाणं जोरात चाललंय, हा दारातनं बाहेर पडला की गाणं गायब, नुसतं ऊन आणि लांबनं पोरांचा आवाज, डिकीतनं कॅन काढतो, परत आत आला की गाणं पुढं सरकलेलं. कट नाही, कॅमेरा त्याच्या मागंमागं. त्या वेळी माझ्या पोटात गोळा येतो, कारण भर दुपारी बाहेर कुणाला पत्ताच नाही आत काय चाललंय. आणि प्रत्यक्ष कापताना तर कॅमेरा बाजूलाच वळतो, आपण मोकळ्या दाराकडं बघत बसतो आणि फक्त ओरडणं ऐकू येतं. लई भारी काम आहे ते.

काउंटरवरचा
आमचं हॉटेल आहे, म्हणून मला सुरुवातीचा नाश्ता. बिल बॉस देणार, टिप बाकीच्यांनी एकेक डॉलर टाकायची, आणि मिस्टर पिंक म्हणतो मी टिप देत नाही. हा वाद आमच्या काउंटरवर रोज होतो. दरोडेखोर पण असंच बोलत असणार हे एकदा पटलं की पुढचं सगळं पटतं.

एकांकिकावाली
मला तर ही एका नटाची गोष्ट वाटते. मिस्टर ऑरेंज खरा पोलीस, टोळीत शिरायला त्याला एक खोटा किस्सा पाठ करायला देतात. आधी कागद हातात घेऊन घरात अडखळत म्हणतो, मग साहेबासमोर, मग बारमध्ये टोळीसमोर, आणि मधेच आपण त्या न घडलेल्या प्रसंगातच, बाथरूममध्ये, पोलीस समोर, त्यांचा कुत्रा भुंकतोय! खोटं असं खरं होत जातं हे मी तालमीत बघितलंय, पहिल्या वाचनाला मेलेलं वाक्य पंधरवड्यानं अंगात शिरतं. आमच्या ग्रुपमध्ये नवीन पोरं आली की मी त्यांना एवढा भाग दाखवतेच. एक गोडाऊन, चार-पाच नट, नेपथ्य जवळपास शून्य, आपल्याला पण जमेल असं वाटायला लावणारा पिक्चर आहे हा.

नाईट ड्यूटी
मी दवाखान्यात काम करते. हिंसा मला आवडत नाही आणि त्यातली वर्णद्वेषी बडबड तर अजिबात नाही, पण एक गोष्ट मान्य. बाकी पिक्चरमध्ये गोळी लागलेला माणूस दोन डायलॉग मारून मरतो. इथं ऑरेंजला पोटात गोळी लागते आणि तो शेवटपर्यंत तसाच विव्हळत रक्तात पडून राहतो. गोळीनं काय होतं हे कुणीतरी दाखवलं.

गंगावेस कट्टा
मी आधी २००२ चा हिंदी काँटे बघितलेला, मग हा, मग रिंगो लॅमचा १९८७ चा हाँगकाँगचा सिटी ऑन फायर. कुणी कुणाची गोष्ट उचलली यावर भांडणारे भांडू देत, साम्य आहेच. पण मी बघतो तो मिस्टर व्हाइटसाठी, म्हणजे कायटेलसाठी. नाव सांगायचं नाही हा नियम असताना तो मरायला टेकलेल्या ऑरेंजला आपलं खरं नाव सांगतो, त्याच्यासाठी बॉसवर बंदूक रोखतो, स्वतः गोळी खातो, आणि मग ऑरेंज त्याच्या मांडीवर डोकं ठेवून सांगतो की मी पोलीस आहे. कायटेल तिथं शब्द बोलत नाही, नुसता कण्हतो. आपल्याकडं दिलेल्या शब्दाला माणसं जीव लावतात, त्यामुळं तो कण्हण्याचा आवाज मला काय सोडत नाही भावांनो.