पिप नाकारलं, गुण 6 आणि 4. पुढे काय करायचं?

लेस्टरकर
वहिनींना संधिवात आहे, वय 52, ब्रिटिश नागरिक. पिपसाठी (दीर्घ आजार किंवा अपंगत्व असणाऱ्यांना मिळणारा ब्रिटिश सरकारी भत्ता) अर्ज केला, फोनवर तपासणी झाली आणि डीडब्ल्यूपीचं (भत्ते देणारं सरकारी खातं) नकाराचं पत्र आलं. रोजच्या व्यवहारात 6 गुण: स्वयंपाक 2, अंघोळ 2, कपडे 2. तिन्हीकडे ‘साधन वापरून जमतं’ असा शेरा. चालण्यात 4. पत्रावरच्या तारखेला तीन आठवडे होत आले. थेट ट्रायब्युनलकडे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जाता येतं का? संधिवात क्लिनिकचं पत्र यायला महिना लागेल, तोवर थांबावं का? वहिनींचं इंग्रजी जेमतेम आहे.

निशिगंध
अजिबात थांबू नका. ट्रायब्युनलच्या आधी डीडब्ल्यूपीकडेच ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’ म्हणजे निर्णयाचा फेरविचार मागावा लागतो आणि त्याची मुदत पत्रावर छापलेल्या तारखेपासून एक महिना, पत्र हातात पडल्यापासून नव्हे. वहिनींना शेजारी बसवून आजच फोन करा, लगेच सीआरएमआर1 फॉर्मही पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. क्लिनिकचं पत्र मागाहून पाठवतो, असं फॉर्ममध्येच लिहा. उशिराचा अर्ज 13 महिन्यांपर्यंत सबळ कारण देऊन करता येतो, पण तो मान्य होईलच असं नाही.

त्याच फोनवर तपासनिसाचा अहवाल मागा, त्याला पीए4 म्हणतात. तो हातात आल्याशिवाय कुठे काय चुकीचं नोंदलंय ते कळत नाही.

आता गुण. 6 आणि 4 मिळून 10 होत नाहीत, दोन्ही भाग वेगळे मोजतात. प्रत्येकात 8 ला स्टँडर्ड (साधा) दर, 12 ला एन्हान्स्ड (वाढीव). म्हणजे वहिनी रोजच्या व्यवहारात फक्त 2 गुणांनी मागे आहेत. स्वयंपाकात ‘दुसऱ्याची मदत किंवा देखरेख लागते’ हे मान्य झालं, तर 2 चे 4 होतात आणि 8 भरतात. सगळा जोर तिथे लावा. बोटं वळत नसल्यामुळे गाजर सोलता येत नाही, सुरी निसटते, भरलेलं पातेलं मनगट पेलत नाही, हे एकेक करून लिहा. ओव्हनमधून ट्रे काढता येत नाही हे लिहून उपयोग नाही. कमरेच्या उंचीवरचा, एका माणसापुरता साधा स्वयंपाकच धरतात.

लेस्टरकर
घरात स्वयंपाक पुतणीच करते. तेवढं लिहिलं तर पुरे?

अवधूत
नाही. कोण करतं याला गुण नाहीत, वहिनींना स्वतःला करता येतो का याला आहेत. आणि ‘येतो’ म्हणजे पिपच्या नियमावलीतल्या नियम 4 प्रमाणे सुरक्षितपणे, नीट, लागेल तितक्या वेळा आणि निरोगी माणसाच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ न घेता. यातलं एक जरी बसत नसेल, तर ‘येत नाही’ असंच धरायला हवं. शिवाय ही अडचण निम्म्याहून जास्त दिवस असली पाहिजे. म्हणून ‘कधीकधी त्रास होतो’ असं मोघम लिहू नका, आठवड्यातले किती दिवस ते सांगा.

आपल्याकडची मंडळी नेमकी इथेच अडकतात. तपासनीस विचारतो ‘कशा आहात?’, आपण सवयीने ‘बरं चाललंय’ म्हणतो आणि ते तसंच अहवालात उतरतं. पीए4 मध्ये असं वाक्य दिसलं, तर त्यापुढे त्या दिवसाची खरी स्थिती लिहून द्या.

चालण्याचंही तसंच. 50 ते 200 मीटरला 4 गुण, 20 ते 50 ला 8. डबल-डेकर बस साधारण 11 मीटर लांब असते, त्या हिशेबाने अंतर सांगा: किती बस-लांबी चालल्यावर थांबावं लागतं, पुन्हा निघायला किती मिनिटं लागतात, दुसऱ्या दिवशी काय होतं.

निशिगंध
फेरविचारातही नकार आला तर खचू नका, डीडब्ल्यूपी तिथे बहुधा स्वतःचाच निर्णय कायम ठेवतं. त्या नोटिशीच्या तारखेपासून एक महिन्यात ऑनलाइन किंवा एसएससीएस1 फॉर्मवर अपील करा. अपिलात आधीचे गुण कमी होऊ शकतात, पण वहिनींना आत्ता काहीच मिळत नसल्याने गमवायचं काही नाही. फक्त कागदांवर निकाल मागू नका, सुनावणीला हजर राहतो असं कळवा. फॉर्ममध्ये मराठी दुभाषा मागा. तो मोफत मिळतो. तुम्ही स्वतः दुभाषा होऊ नका, प्रतिनिधी व्हा.

ट्रायब्युनल डीडब्ल्यूपीच्या निर्णयाच्या दिवशीची स्थिती बघतं. क्लिनिकचं पत्र नंतरचं चालेल, पण त्या दिवशी हात कसे होते ते त्यात यायला हवं, तसं डॉक्टरांना आधीच सांगा.