थीसिसचं टेबल: ‘एनएस’ (नॉट सिग्निफिकंट) आलं म्हणजे संबंधच नाही, असं लिहायचं का?

जेआर३_मेडिसिन

नमस्कार मंडळी. एमडी मेडिसिनचं तिसरं वर्ष, सरकारी कॉलेज. थीसिस सर्पदंशावर आहे: दंश झाल्यापासून एएसव्ही (सापाच्या विषावरचं प्रतिविष) सुरू होईपर्यंत किती वेळ गेला आणि किडनीवर त्याचा काय परिणाम झाला. ६० पेशंट. मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटांच्या नोंदींचा तक्ता) मी स्वतः भरलाय, रात्रीच्या ड्यूट्या सांभाळून. स्टॅटिस्टिक्स मात्र कॉलेजसमोरच्या एका सेंटरकडून करून घेतलं. चार दिवसांत टेबलं हातात आली.

सहा तासांच्या आत एएसव्ही मिळालेले ३६, त्यातला १ डायलिसिसवर गेला. सहा तासांनंतर मिळालेले २४, त्यातले ४ गेले. काय-स्क्वेअर टेस्ट, पी (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५७, पुढे ‘एनएस’. आणि खाली निष्कर्ष टाइप करून दिलाय: “एएसव्ही मिळण्यास लागलेला वेळ व डायलिसिसची गरज यांच्यात संबंध नाही.”

गाईड म्हणतात, पी ०.०५ च्या रूढ मर्यादेच्या वर आहे, म्हणजे वाक्य बरोबर आहे. पण त्या चौघांतला एक माझ्याच ड्यूटीत आला होता. घोणस चावलेली, आधी गावात मंत्र झाले, मग जीप मिळेना. आमच्याकडे पोचला तेव्हा अकरा तास उलटून गेले होते. युरोबॅगमध्ये कोऱ्या चहासारखी लघवी, तीही जेमतेम बोटभर. ते वाक्य माझ्या नावाने छापायला हात धजत नाही.

आणखी दोन शंका. हॉस्पिटलमधला मुक्काम ५.१ ± ६.३ दिवस असा आलाय, तो बरोबर आहे का? आणि एका टेबलात पी ०.००० आहे, ते तसंच ठेवू का?

रात्रपाळी

०.००० तेवढं बदल. सॉफ्टवेअर तीनच आकडे दाखवतं म्हणून शून्य दिसतं, पी कधी शून्य नसतो. ‘०.००१ पेक्षा कमी’ असं लिही. बाकी माझ्या व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) बाहेरून आलेल्या परीक्षकांनी टेबलं उघडलीसुद्धा नव्हती. एक्झाम तोंडावर आहे, अभ्यासाला लाग.

निवृत्त_बायोस्टॅट

रात्रपाळी, तुमची कळकळ समजते, पण याच्या थीसिसचा उद्या पेपर होईल, आणि तो कोण वाचेल हे आपल्या हातात नसतं.

बाळा, तुझा हात धजत नाही ते योग्यच आहे. ‘संबंध आढळला नाही’ आणि ‘संबंध नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तुझेच आकडे बघ. लवकर आलेल्यांत ३६ पैकी १, म्हणजे २.८ टक्के. उशिरा आलेल्यांत २४ पैकी ४, म्हणजे १६.७ टक्के. फरक जवळजवळ १४ टक्क्यांचा. त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या पल्ल्यात असू शकतो तो) मी न्यूकोम्बच्या पद्धतीने काढला, तो उणे १ पासून अधिक ३३ पर्यंत जातो. याचा अर्थ, उशिरामुळे फारसं काही बिघडत नसेल, किंवा दर तीन पेशंटमागे एकाची किडनी जात असेल, आणि ६० पेशंटांच्या जोरावर तुला या दोन्हींत निवाडा करता येत नाही. तेवढंच लिही. ‘एनएस’ ही दोन अक्षरं हा सगळा पल्ला झाकून टाकतात.

शिवाय इथे काय-स्क्वेअर लावायलाच नको होती. डायलिसिसचे एकूण पाचच पेशंट, त्यामुळे टेबलाच्या दोन चौकटींतली अपेक्षित संख्या (वेळेचा संबंधच नसता तर आली असती ती) २ आणि ३ येते, पाचाच्या खाली. अशा वेळी फिशरची एक्झॅक्ट टेस्ट लावतात. मी करून पाहिली, पी ०.१५ येतो. सेंटरवाल्याने ०.०५७ दिला. समजा तो ०.०४८ आला असता, तर त्याच टेबलाखाली त्याने ‘घनिष्ठ संबंध’ असं टाइप केलं असतं. पेशंट तेच, लघवीचा रंग तोच.

आता तुझा मुक्काम. ५.१ मधून ६.३ वजा कर. उणे १.२ दिवस. उणे दिवस कुणी ॲडमिट राहत नाही. ± नंतरचा आकडा म्हणजे एसडी, आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप. दिवसांसारख्या उणे न होणाऱ्या आकड्यांत तो सरासरीपेक्षा मोठा दिसला की समजायचं, बहुतेक जण लवकर घरी गेले आणि मोजके फार दिवस अडकले. मास्टर चार्ट चढत्या क्रमाने लाव आणि मधला आकडा, म्हणजे मीडियन, काढ.

त्या ± चिन्हाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण त्याने माझ्या हातून चूक करवलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही गरोदर बायकांच्या हिमोग्लोबिनवर पेपर लिहिला. एका गटात २५ बायका. मी टेबलात लिहिलं ९.४ ± ०.३. हा ०.३ एसडी की स्टँडर्ड एरर (सरासरीच्या अंदाजातली अनिश्चितता), हे कुठेच लिहिलं नाही. तेव्हा आमच्याकडे तशीच पद्धत होती, आणि स्टँडर्ड एररचा आकडा लहान म्हणून तो नीटस दिसायचा. पुष्कळ वर्षांनी एका पीजी मुलीचा फोन आला: “मॅडम, तुमच्या पेपरवरून सँपल साइझ (अभ्यासात किती जण लागतील ते) काढला. ०.३ ग्रॅमचा फरक शोधायचाय, तर एका गटात १६ बायका पुरतात.” मी खुर्चीतच बसून राहिले. एसडी ०.३ म्हणजे जवळजवळ सगळ्या बायका ८.८ ते १०.० च्या दरम्यान. आमच्या ओपीडीत सातपासून बारापर्यंतच्या बायका यायच्या! माळ्यावरून जुनी वही काढली. एसडी १.५ होता. पंचविसाच्या वर्गमुळाने, म्हणजे पाचाने भागून मी ०.३ छापला होता. तिला खरं म्हणजे एका गटात ३९२ बायका लागणार होत्या. सोळा घेऊन ती मुलगी दोन वर्षं राबली असती आणि शेवटी लिहिलं असतं, ‘फरक नाही’. मी त्या नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. ते छापलं, पण मूळ पेपरची झेरॉक्स ज्यांच्या फायलीत आहे त्यांना ते कोण नेऊन देणार?

म्हणून ± लिहूच नको. सरासरी, आणि कंसात एसडी असा शब्द घालून आकडा. थॉमस लँग आणि डग्लस ऑल्टमन यांनी २०१३ मध्ये ‘सँपल’ नावाच्या मार्गदर्शक सूचना केल्या, त्यात हेच सांगितलंय. प्रत्येक टक्केवारीसोबत अंश आणि छेद द्यायचा, हेही त्यात आहे. याच ऑल्टमन यांनी १९९४ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात वैद्यकीय संशोधनाच्या सुमार दर्जावर लेख लिहिला होता. संशोधन कमी करा पण नीट करा, हे त्यांचं म्हणणं बढतीसाठी पेपर मोजणाऱ्या आपल्या व्यवस्थेच्या आजही पचनी पडलेलं नाही.

लहान अभ्यास नीट कसा मांडावा ते बघायचं असेल तर लांब जायला नको. महाडच्या बावस्कर डॉक्टर दांपत्याचा विंचूदंशावरचा पेपर, ‘बीएमजे’, २०११. पेशंट फक्त ७०. प्राझोसिन या औषधासोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण लक्षणमुक्त, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. दोन्हींपुढे कॉन्फिडन्स इंटरव्हल. कुणीही कागद-पेन्सिल घेऊन पडताळावं.

कोकणातला_एमओ

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. मॅडमनी गणित सांगितलं, मी त्या वाक्याचं पुढे काय होतं ते सांगतो. आमच्याकडे एएसव्ही असते. पण रिॲक्शन आली तर व्हेंटिलेटर नाही, त्यामुळे नव्या एमओला (मेडिकल ऑफिसरला) भीती वाटते आणि तो पेशंटला तसाच १०८ च्या ॲम्ब्युलन्समध्ये घालून जिल्ह्याला पाठवतो. घाट, पाऊस, अडीच तास. ‘वेळेचा संबंध नाही’ असं छापून आलं तर त्याच्या भीतीला आधार मिळेल. पहिला डोस इथेच दे, हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

एक विचारतो. ६० म्हणजे आले तेवढे सगळे का? आमच्याकडून गेलेल्यांतले बरेच जण तिकडे डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता, निघून जातात.

जेआर३_मेडिसिन

सर, बरोबर पकडलंत. मुळात ६४ होते. चौघे डामा गेले, ‘इनकम्प्लीट’ म्हणून सेंटरवाल्याने ते काढून टाकले. आणि मीही गप्प बसलो.

मॅडम, चार्ट लावून पाहिला. मुक्कामाचा मीडियन ३ दिवस, मधले निम्मे पेशंट २ ते ५ दिवसांत घरी. डायलिसिसवाले पाच मात्र १६, १८, २२, २७ आणि ३४ दिवस. पाचही आकडे वेगळे देतो.

निवृत्त_बायोस्टॅट

हे डामा गेलेले चौघे फार महत्त्वाचे आहेत. तुझ्याकडे घटना मोजून पाच, त्यात एकाची जरी भर पडली तरी चित्र हलतं. पहिल्याच परिच्छेदात लिही: ६४ दाखल, ४ डामा, ६० चं विश्लेषण. निरीक्षणात्मक अभ्यास कसे मांडावेत याच्या ‘स्ट्रोब’ या २००७ च्या यादीतही हेच मागितलंय, किती जण कुठल्या टप्प्यावर आणि का गळाले. कन्सेंटमध्ये फोनची परवानगी घेतली होतीस का?

जेआर३_मेडिसिन

हो, तीस दिवसांनंतर फोनवर चौकशी करणार, असं कन्सेंट फॉर्ममध्ये होतं. काल चौघांनाही लावला. दोन नंबर बंद आहेत. एक जण ठणठणीत, शेतावर होता. चौथ्याच्या बायकोने उचलला. त्याला एएसव्ही नवव्या तासाला मिळाली होती. खासगी हॉस्पिटलात दोनदा डायलिसिस झालं, आता बरा आहे, बैल विकून बिल भरलं म्हणाली.

मुख्य टेबल ६० चंच ठेवतो आणि या चौघांचं जे कळलं ते खाली वेगळं लिहितो. निष्कर्षाचं वाक्य असं केलंय: “उशिरा एएसव्ही मिळालेल्यांत डायलिसिसचं प्रमाण जास्त दिसलं (२४ पैकी ४, विरुद्ध ३६ पैकी १), मात्र घटना इतक्या कमी आहेत की फरक नाही असंही या अभ्यासावरून म्हणता येत नाही.” सोमवारी गाईडना दाखवतो.