विषय: गॅरेजची स्प्रिंग तुटली!

नमस्कार मंडळी,
काल पहाटे पारा शून्य फॅरनहाइटला टेकला होता आणि गॅरेजमध्ये सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. दारावरच्या दांड्यावरची एक स्प्रिंग मधोमध तुटलीय, दोन बोटं फट दिसते. मोटर घरघरते, दार वीतभर उचलतं की पुन्हा खाली. दोन्ही गाड्या आत, शनिवारच्या हळदीकुंकवाच्या वाणाचे खोकेही आत. हे म्हणतात, स्प्रिंग मागवून आपणच बसवू. कोणी केलंय का?
– खजिनदार

---

अगं, आधी ते बटण दाबणं थांबव. दोन गाड्यांचं दार दीडशे पौंडांचं सहज असतं. तो भार स्प्रिंगा पेलतात, मोटर नुसती सरकवते. आता सगळं वजन तिच्या गिअरवर येतंय.

बदलायच्या तर दोन्ही बदला. साधी स्प्रिंग १०,००० उघडझापींच्या हिशेबानं बनवतात. रोजच्या ४ धरल्या तर ७ वर्षांच्या आत संपली. दुसरीचंही वय तेवढंच.

माप तुटलेलीचंच घ्या. २० वेढे चिकटून ५ इंच भरले तर तार पाव इंची. शिवाय आतला व्यास, लांबी आणि पीळ डावा की उजवा.

मी दोनदा केलंय. ७ फुटी दाराला प्रत्येक स्प्रिंगचे साधारण साडेसात फेरे, म्हणजे ३० पाव-फेरे. अर्धा इंची दोन पोलादी सळया लागतात. दुसरी स्प्रिंगच्या टोकाकडच्या भोकात पुरती बसल्याशिवाय पहिली काढायची नाही. पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून स्क्रूड्रायव्हर वापरला. शेवटच्या फेऱ्याला तो निसटला. छतात अजून भोक आहे, मनगट वाचलं. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, ते भोक बघायला ये, चहा पाजतो. मग कारागिराला फोन कर.
– नेपथ्यवाले काका

---

फोनवरच दोन्ही स्प्रिंगांचा मजुरीसकट भाव विचारून घे. आमच्याकडे आलेला गृहस्थ रोलर, केबल, ड्रम सगळंच गेलंय म्हणाला. 'आजन्म वॉरंटी'सुद्धा निघाली फक्त स्प्रिंगची. मजुरी दर वेळी आपलीच. २५,००० उघडझापींची स्प्रिंग मिळते, तीच माग.
आणि खोके घरातल्या दारानं काढ ना गं!
– वाण समिती

---

काका, तुमच्या छतातल्या भोकानं काम केलं, हे गप्प बसले.
कारागीर आज आला, तासाभरात दोन्ही बदलल्या. लाल दोरी ओढून मोटर सोडवली, दार हातानं कमरेपर्यंत उचललं आणि सोडलं. जागचं हललं नाही. तुटलेली मात्र ह्यांनी ठेवून घेतली, वेढे मोजायला. २० वेढे, सव्वापाच इंच. आता जेवतानाही तेच चाललंय.
खोके दिवाणखान्यात आणलेत. शनिवारी येताना पिशव्या आणा, वाण जड आहे.
– खजिनदार