३८ सेकंदांची क्लिप माझ्या नावाला चिकटली आहे. काढून टाकायला लावू, की नाव बदलून गाऊ?

सुरांत_परत यांचा प्रश्न

मी ११ वर्षं स्टेजवर गाते. नाव फार मोठं नाही. वर्षाला तीसेक कार्यक्रम, स्वतः बांधलेल्या सहा चाली आणि आपणहून फोन करणारे काही आयोजक, एवढं माझं आहे, आणि ते मी एकेक करून जमवलेलं आहे.

चार महिन्यांपूर्वी एका कार्यक्रमात मध्यंतरानंतरचं पहिलं गाणं माझं होतं. आधीच्या गायकासाठी कीबोर्डचा ट्रान्सपोजर (पट्टी वर-खाली करणारं बटण) अर्धा स्वर खाली केला होता, तो तसाच राहिला. माझ्या पायाशी इलेक्ट्रॉनिक तानपुरा काळी चारला लावलेला, कीबोर्ड वाजतोय अर्धा स्वर खालच्या पांढरी पाचमध्ये, आणि माझा मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला साथ ऐकवणारा स्पीकर, बंद. मला फक्त तानपुरा ऐकू येत होता. दोन ओळी मी माझ्या जागी अगदी पक्की होते. समोर बसलेल्यांना मात्र मी सपशेल बेसूर वाटले असणार. सभागृहातला आवाज कानावर आला तेव्हा थांबले, "परत घेऊ या" म्हणाले, पट्टी जुळवली आणि गाणं पूर्ण केलं. त्या गाण्याला वन्स मोअर मिळाला.

क्लिप "परत घेऊ या"च्या आधी कापली आहे. ३८ सेकंद. वर लिहिलंय, "हिला स्टेज कोणी दिलं?" आठवड्यात चार लाख लोकांनी पाहिली. आता माझं नाव टाकून शोधलं की सगळ्यात वर तीच येते. ठरलेले दोन कार्यक्रम गेले. एका आयोजकांनी सरळ सांगितलं, "ताई, आम्हाला माहितीये तुम्ही कशा गाता, पण पोस्टरवर नाव टाकलं की लोक तीच क्लिप फिरवतील." आई रोज रात्री खालच्या कमेंट वाचते. मी नको म्हटलं तरी वाचते.

तक्रार करून काढायला लावू? सगळं सिद्ध करणारा खुलाशाचा व्हिडिओ करू? की नवं नाव घेऊन पुन्हा सुरुवात करू? मैत्रिणी कमेंटमध्ये माझ्या बाजूने भांडताहेत, त्यानेही काही फरक पडत नाहीये.

लयकारी_९

कॉपीराइटची तक्रार टाका. गाणं तुमचं, आवाज तुमचा. दोन दिवसांत उतरेल. एवढा विचार कशाला करताय?

मंचामागचा

ताई, मी १९ वर्षं साउंड करतो. मॉनिटर बंद पडला ही चूक माझ्या जातभाईची आहे, म्हणून आधी माफी मागतो. गाणारा माणूस आम्ही दिलेल्या आवाजावर विसंबून उभा असतो. तो आवाज गेला की त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं होतं. समोरच्याला हे दिसत नाही, आणि क्लिप पाहणाऱ्याला तर मुळीच नाही.

लयकारी, तक्रारीचं इतकं सोपं नाही. चित्रण प्रेक्षकातल्या कुणीतरी केलंय. शब्द कुणाचे, चाल कुणाची, गाणाऱ्याचा हक्क कुठवर, हे सगळे वेगवेगळे धागे आहेत. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा हक्कदाराने आधी जमा केलेल्या नमुन्याशी आवाज-चित्र ताडून पाहते. प्रत्यक्ष मंचावर गायलेलं, आणि तेही चुकीच्या पट्टीतलं, तिला नीट सापडेलच असं नाही. समोरच्याने उलट दावा केला तर पुढे कायद्याचं काम. आणि एवढं करून एक प्रत उतरली तर दहा ठिकाणी दुसऱ्या चढतात, या वेळी "हिने काढायला लावली" असं वर लिहून.

अमेरिकन गायिका बार्बरा स्ट्रायसंडचं प्रकरण आठवा. २००३ साली एका छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची झीज नोंदवायला काढलेल्या जवळपास १२ हजार फोटोंपैकी एकात तिचं घर दिसत होतं. तिने ५ कोटी डॉलरचा दावा ठोकला. दाव्याआधी तो फोटो फक्त सहा वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले दोन वेळा तिच्याच वकिलांनी. दाव्याची बातमी झाल्यावर महिन्याभरात सव्वाचार लाखांच्या आसपास लोक तो पाहायला गेले. खटलाही ती हरली. तिच्यापाशी पैसा, वकील, नाव सगळं होतं.

मैत्रिणींना आजच थांबवा. हे मी कळकळीने सांगतोय. कमेंट शिवीची आहे की मायेची, याच्याशी कुठली क्लिप कुणाला दाखवायची ते ठरवणाऱ्या यंत्रणेला फारसं घेणंदेणं नसतं. लोक थांबताहेत, लिहिताहेत, पुढे पाठवताहेत, एवढं तिला पुरतं. तुमच्या बाजूची प्रत्येक कमेंट ती क्लिप आणखी एका अनोळखी माणसापुढे नेऊन ठेवते.

नाव बदलू नका. ११ वर्षं त्या नावावर आहेत. आणि नव्या नावाखाली कुणी ओळखलं तर "लपून गाते" हा दुसरा डाग लागेल.

मी काय करीन ते सांगतो. त्या दिवशी साउंडवर कोण होतं त्याला फोन करा. बरेच जण मिक्सरवरून पूर्ण कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवतात. ते मिळालं तर ते गाणं पहिल्या सेकंदापासून टाका. चुकलेल्या दोन ओळी, थांबणं, "परत घेऊ या", पट्टी जुळवणं, पूर्ण गाणं, शेवटच्या टाळ्या. काहीही कापू नका, सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर लावू नका. शीर्षकात तुमचं पूर्ण नाव. खाली दोन वाक्यांत काय झालं ते, रडगाणं न गाता. वेगळा खुलाशाचा व्हिडिओ करू नका. त्यात तुम्ही बोलाल, आणि बोलण्यावर वाद घालता येतो. गाण्यावर घालायचा तर ते आधी ऐकावं लागतं.

मग दर पंधरा दिवसांनी एक पूर्ण गाणं. तुमच्या सहा चालींपासून सुरुवात करा. आज नाव शोधल्यावर क्लिप वर येते, कारण त्या नावाखाली लोकांनी पाहावं असं दुसरं फारसं काही ठेवलेलंच नाही. ११ वर्षांचं काम सभागृहातच राहिलं. तिथे ज्यांनी ऐकलं त्यांनीच ऐकलं.

निमंत्रण_पत्रिका

मी आयोजक आहे, म्हणून आमची बाजूही लिहिते. हो, आम्ही नाव शोधतो. फॉलोअर किती हेही बघतो, आणि मला त्याची लाज वाटते, कारण दोन लाख फॉलोअर असलेला एक गायक आमच्याकडे दीड तास रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर ओठ हलवून गेला. तेव्हापासून मी शॉर्ट्स बघून कुणालाच बोलावत नाही. किमान एक पूर्ण, प्रत्यक्ष गायलेलं गाणं मागते. धक्कादायक गोष्ट अशी की अनेक चांगल्या गायकांकडे ते नसतंच.

तुमच्या जागी मी रॉड्रिगेझ या अमेरिकन गायकाचा विचार करीन. त्याच्या रेकॉर्ड १९७० आणि १९७१ मध्ये निघाल्या, अमेरिकेत पडल्या, आणि तो मजुरीची कामं करत राहिला. दक्षिण आफ्रिकेत मात्र लोकांना त्याची गाणी पाठ होती, आणि तो मेला अशीच समजूत होती. १९९७ मध्ये तिथल्या चाहत्यांनी त्याला शोधायला वेबसाइट काढली. ती त्याच्या मुलीने पाहिली, आणि १९९८ मध्ये तो तिथल्या भरलेल्या सभागृहांत गायला. हेच इंटरनेट. पण आधी गाणी पूर्ण ऐकलेली माणसं होती, म्हणून शोध सुरू झाला.

लयकारी_९

मी घाईत लिहिलं, ताई. पण ब्रिटिश गायक रिक ॲस्टलीचं उलटंच झालं ना? १९८७ चं गाणं २००७ पासून थट्टेसाठी फिरायला लागलं, भलत्याच कशाची म्हणून लिंक द्यायची आणि उघडली की हे गाणं, आणि २०१६ मध्ये त्याचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. थट्टेने फायदाही होतो.

मंचामागचा

होतो. पण तिथे फजिती लिंक उघडणाऱ्याची होती. त्याच्या आवाजाला कुणी बेसूर म्हटलं नव्हतं. ताईंच्या जवळचं उदाहरण अमेरिकन गायिका रेबेका ब्लॅकचं. २०११ साली ती १३ वर्षांची होती. तिच्या पहिल्याच गाण्यावर जग हसलं, धमक्यासुद्धा आल्या. ती गात राहिली. तिचा पहिला पूर्ण अल्बम आला २०२३ मध्ये. मधली १२ वर्षं मी ताईंपासून लपवणार नाही. त्यांच्यामागे ११ वर्षांचे श्रोते आहेत, तिच्यामागे कुणीच नव्हतं, एवढा फरक आहे.

सुरांत_परत

तुम्हा सगळ्यांचं दोनदा वाचलं.

साउंडवाल्या दादांना फोन केला. त्यांच्याकडे रेकॉर्डिंग आहे, दोन तास ४० मिनिटं, पूर्ण. काल रात्री हेडफोन लावून ऐकलं. चुकलेल्या दोन ओळी ऐकताना हात गार पडले. पण त्यानंतरचं गाणं चांगलं झालंय. खरंच चांगलं. इतके दिवस मी स्वतःही त्या ३८ सेकंदांवरच विश्वास ठेवून बसले होते, आणि पुढे मी काय गायले ते विसरले होते. अंतऱ्यात घेतलेली एक जागा मला आठवतच नव्हती.

मैत्रिणींना थांबवलं. एक रागावली, पण थांबली.

एक अडचण राहते. खाली दोन वाक्यं लिहायची तर ट्रान्सपोजरचं येणार, आणि कीबोर्ड कोण वाजवत होतं ते पोस्टरवर छापलेलं आहे. तो स्वतः म्हणतोय, "माझं नाव घाल, चूक माझीच." तो २३ वर्षांचा आहे. मला ते पटत नाही.

मंचामागचा

नाव घालू नका. "मंचावर पट्टीचा घोळ झाला, थांबून जुळवली" एवढं पुरे. त्याच्यावर तशीच क्लिप निघायला एक ओळ पुरते.

सुरांत_परत

तसंच लिहिलं. दुपारी गाणं टाकलं, ९ मिनिटं १२ सेकंद. आतापर्यंत ६१ जणांनी ऐकलंय. क्लिपच्या खाली, तिसऱ्या पानावर दिसतं. आईला लिंक पाठवली आणि त्या दुसऱ्या कमेंट वाचू नकोस म्हटलं. तिने पूर्ण ऐकलं. म्हणाली, "दुसऱ्या कडव्याला घाई केलीस." बरोबर आहे तिचं. पुढच्या पंधरवड्याचं गाणं रविवारी रेकॉर्ड करतेय, या वेळी मॉनिटर स्वतः तपासून.