नवीन ब्लॉगसाठी डोमेन आणि होस्टिंग: नाव कसं ठरवायचं, कुठून घ्यायचं?

चांदणवेडी

नमस्कार मंडळी, आकाशनिरीक्षणावर मराठीतून लिहायचं बरेच दिवस मनात आहे, लेख पण बरेचसे तयार आहेत (उल्कावर्षाव, पहिली दुर्बीण घेताना काय बघायचं, साध्या कॅमेऱ्याने चंद्राचे फोटो वगैरे). गाडी अडलीये ती डोमेन (साइटचं नाव, म्हणजे पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) यांच्यापाशी.

"चांदणवाट" हे नाव मनात भरलंय, पण रोमनमध्ये त्याचं स्पेलिंग चार प्रकारे होतंय आणि मला हवं होतं ते डॉट कॉममध्ये आधीच कोणीतरी घेतलंय. मग साइट लगेच डॉट नेट, डॉट ब्लॉग, डॉट एक्सवायझेड, डॉट आयओ असं काय काय सुचवते, त्यातलं एक तर पहिल्या वर्षी जवळजवळ फुकटच आहे. दुसरीकडे एक होस्टिंगवाले म्हणतायत की तीन वर्षांचा प्लॅन एकदम घ्या, डोमेन आमच्याकडून फ्री, जागा अनलिमिटेड, बँडविड्थ (वाचकांपर्यंत जाणारा डेटा) अनलिमिटेड. घेऊन टाकावं का? कोडिंग येत नाही पण शिकायची तयारी आहे. फोटो भरपूर असणार. की सरळ गूगलच्या ब्लॉगरवर फुकट सुरू करू आणि डोमेनचं नंतर बघू?

ध्रुवमत्स्य

विषय छान आहे, नक्की सुरू करा. पण ते "डोमेन फ्री"वालं आत्ताच बाजूला ठेवा.

डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवायच्या, एवढं एक केलंत तरी बाकीचं सगळं नंतर दुरुस्त करता येतं. होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली, पटली नाही की सामान उचलायचं आणि दुसरीकडे जायचं. नावाचं तसं नाही, लोकांनी ते बुकमार्क केलेलं असतं, दुसऱ्यांनी त्यांच्या पानांवर लिंक दिलेली असते, गूगलमध्ये तेच बसलेलं असतं, ते बदललं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. याहूने जिओसिटीज (लोकांना फुकट वेबपानं देणारी सेवा) २००९ मध्ये बंद केलं (जपानचं तेवढं आणखी दहा वर्षं चाललं), तेव्हा लाखो पानांचे पत्ते एका फटक्यात गेले, कारण पत्ता लिहिणाऱ्याचा नव्हताच, याहूचा होता. याउलट २०२३ मध्ये गूगलने आपला डोमेनचा धंदा स्क्वेअरस्पेस या कंपनीला विकला तेव्हा लोकांची नावं होती तशीच त्यांच्याकडे राहिली, फक्त रजिस्ट्रार (नाव नोंदवून देणारी कंपनी) बदलला. स्वतःचं डोमेन घ्यायचं ते यासाठी.

म्हणून ब्लॉगरवर सुरू केलंत तरी हरकत नाही, पण पहिल्या दिवसापासून स्वतःचं डोमेन जोडून सुरू करा. ब्लॉगर त्याचे वेगळे पैसे घेत नाही. उद्या वर्डप्रेसवर (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर) जावंसं वाटलं तर पत्ता तोच राहील, वाचकाला कळणारही नाही.

फ्री डोमेनच्या ऑफरमध्ये अटी नीट वाचा. बऱ्याचदा दुसऱ्या वर्षी रिन्यूअलचा दर एकदम चढतो, आणि होस्टिंग मधेच सोडलं तर डोमेनचे पैसे रिफंडमधून कापतात. दर बघताना पहिल्या वर्षाचा बघूच नका, रिन्यूअलचा बघा. काही नव्या एक्स्टेन्शनमध्ये (नावाच्या शेवटचं डॉट ब्लॉग, डॉट एक्सवायझेड वगैरे) "प्रीमियम" नावं असतात, त्यांचा रिन्यूअलही दर वर्षी प्रीमियमच लागू शकतो.

शब्दवेल्हाळ

मी नावाबद्दलच बोलते. चांदणवाट सुंदर आहे, देवनागरीत. रोमनमध्ये लिहिलं की ते चंदनवाट वाचलं जाणार, आणि शेवटी व्ही की डब्ल्यू, मधे एक ए की दोन, हे प्रत्येक जण आपापल्या सवयीने टाइप करणार. मराठी नावांची ही खरी अडचण आहे आणि डोमेन सुचवणारी यंत्रं ती कधीच सांगत नाहीत. ज्या नावात दीर्घ "आ" नाही, "व" नाही, "ऋ" नाही (मृग घ्या, कोणी यू लावतं कोणी आय), "ळ" नाही, असं नाव शोधा. मला पटकन सुचलेलं म्हणजे "निशिगगन", रोमनमध्ये ते साधारण एकाच प्रकारे लिहिता येतं. हेच घ्या असं नाही, पण या दिशेने विचार करा.

मग ते नाव कोणाला तरी फोनवर सांगा आणि त्यांना टाइप करायला लावा, स्पेलिंग सांगायचं नाही. बरोबर आलं तर ते नाव चालेल. हायफन नकोच, बोलताना "मधे आडवी रेघ" सांगत बसावं लागतं. ६३ अक्षरांपर्यंत परवानगी आहे म्हणून लांबलचक पण नको.

आणि विषयाला फार घट्ट बांधू नका. समजा आज "ग्रहण २०२७" असं नाव घेतलंत, तर २ ऑगस्ट २०२७ चं खग्रास सूर्यग्रहण झालं की दुसऱ्या दिवशी त्या नावाचं करायचं काय? तुम्ही पुढे फोटोग्राफीवर लिहाल, पुस्तकांवर लिहाल, नावात तेवढी जागा असू द्या.

ध्रुवमत्स्य

+१, फोनवाली चाचणी तर प्रत्येकाने करावी.

एक्स्टेन्शनचं राहिलं होतं. डॉट कॉम मिळत असेल तर तेच, कारण लोक सवयीने तेच टाइप करतात, दुसरं काही कारण नाही. सर्चमध्ये डॉट ब्लॉग किंवा डॉट नेट म्हणून मागे पडत नाही, गूगलने हे स्वतः सांगितलंय. पण जे नाव डॉट कॉममध्ये दुसऱ्या कोणाची चालू साइट आहे तेच डॉट नेटमध्ये घेऊ नका, तुमचे निम्मे वाचक त्यांच्याकडे जातील. आणि ते नाव कोणाचा ट्रेडमार्क असेल तर तक्रार होऊन डोमेन हातातून जाऊ शकतं, त्यासाठीची प्रक्रिया १९९९ पासून आहे.

दोन अक्षरी एक्स्टेन्शन म्हणजे कुठल्या तरी देशाचं किंवा प्रदेशाचं. डॉट टीव्ही तुवालूचं, डॉट एमई माँटेनेग्रोचं, डॉट आयओ ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचं. नियम ते ठरवणार. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर तिथल्या कितीतरी लोकांना डॉट ईयू नावं सोडावी लागली. मालीचं डॉट एमएल एकेकाळी फुकट वाटलं जायचं, २०२३ मध्ये तो सगळा प्रकार गुंडाळला गेला. आकाशावरच्या ब्लॉगला हा धोका पत्करायचं काही कारण नाही.

नाव आधी कोणी वापरून सोडलेलं असू शकतं, तर वेबॅक मशीनवर (साइट्सच्या जुन्या प्रती जपणारी साइट) टाकून बघा. तिथे जुगाराची नाहीतर औषधं विकणारी साइट दिसली तर ते नाव नको, त्याची बदनामी तुम्हाला चिकटेल.

चांदणवेडी

मनापासून आभार. चंदनवाट हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अजून दोन शंका. एक, पूर्ण देवनागरीत डोमेन मिळतं असं वाचलं, मग चांदणवाट तसंच घेतलं तर? आणि दोन, डोमेन एकीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे घेतलं तर ते जोडायचं कसं, मला जमेल का?

पाटीपेन्सिल

देवनागरी डोमेन मिळतं आणि मला त्याची फार आस्था आहे, पण एकमेव पत्ता म्हणून ते घेऊ नका. आत खरं नाव एक्सएन आणि दोन रेघा यांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या जंजाळात साठवलेलं असतं, त्याला प्युनिकोड म्हणतात. ब्राउझर ते देवनागरीत दाखवतो, पण लिंक कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवली की कधी कधी ते जंजाळच बाहेर येतं आणि समोरच्याला ती व्हायरसची लिंक वाटते. काही फॉर्म तसा ईमेल पत्ता स्वीकारतच नाहीत. दुसऱ्याच्या कंप्युटरवर मराठी कीबोर्ड नसेल तर टाइप कसं करणार हाही प्रश्न आहेच. तेव्हा मुख्य पत्ता रोमन घ्या, आणि बजेट असेल तर देवनागरी नाव घेऊन ते मुख्य पत्त्यावर रीडायरेक्ट करा, म्हणजे आपोआप वळवा. ब्लॉगचं नाव तुम्ही मथळ्यात देवनागरीतच लिहिणार आहात, ते कोणी अडवत नाही.

जोडणं अगदी सोपं आहे. रजिस्ट्रारच्या खात्यात नेमसर्व्हर नावाची जागा असते, होस्टिंगवाले तुम्हाला दोन नावं देतात ती तिथे भरायची, झालं. किंवा नेमसर्व्हर तसेच ठेवून ए रेकॉर्ड आणि सीनेम (नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं त्याच्या नोंदी) बदलायचे. सगळीकडे पोचायला काही तास लागतात, क्वचित एक-दोन दिवस, तेवढा वेळ साइट दिसली नाही म्हणून घाबरून पुन्हा पुन्हा बदलत बसू नका.

रात्रपाळी

होस्टिंगचं मी सांगतो, कारण सर्व्हर सांभाळणं हेच माझं रोजचं काम आहे.

"अनलिमिटेड" असं काही नसतं. एकाच मशीनवर शेकडो साइट्स बसवलेल्या असतात, आणि मर्यादा दुसऱ्या नावाने येते, फाइलींच्या संख्येवर (त्याला आयनोड म्हणतात), प्रोसेसरच्या वापरावर, एकाच वेळी किती प्रोसेस चालतील यावर. अटींमध्ये "योग्य वापर" असं लिहिलेलं पान शोधून वाचा. तुमच्यासाठी साधं शेअर्ड होस्टिंग पुरेसं आहे, व्हीपीएसच्या (स्वतः सांभाळायचा आभासी सर्व्हर) नादी लागू नका, तिथे अपडेट, फायरवॉल सगळं तुमच्या गळ्यात पडतं. पैसे तीन वर्षांचे एकदम भरू नका, आधी महिन्याचा नाहीतर वर्षाचा प्लॅन घ्या आणि सपोर्टला खरोखरचा एक प्रश्न विचारून बघा, उत्तर कसं येतं त्यावरून पुष्कळ कळतं.

९९.९ टक्के अपटाइम (साइट चालू राहण्याचा वेळ) ऐकायला भारी वाटतं, पण त्याचा अर्थ महिन्याला साधारण ४३ मिनिटं बंद राहिली तरी ते वचन पाळलं असं होतं. ब्लॉगला तेवढं चालतं.

एसएसएलचे (वाचक आणि साइट यांच्यातला डेटा सुरक्षित ठेवणारं सर्टिफिकेट) वेगळे पैसे मागत असतील तर दुसरीकडे जा. लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं फुकट आहेत आणि बहुतेक होस्ट ती आपोआप लावतात. हे हवंच, २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटवर "सुरक्षित नाही" असं लिहितो.

फोटो अपलोड करण्याआधी छोटे करा. कॅमेऱ्यातून सहा हजार पिक्सेल रुंदीचा फोटो येतो, स्क्रीनवर सोळाशे पुष्कळ झाले. वेबपी या फॉरमॅटमध्ये सेव्ह केलात तर आणखी हलका होतो. लोक होस्टिंग स्लो आहे म्हणून कंपनी बदलतात आणि खरं दुखणं फोटोंचं असतं.

आता मुख्य मुद्दा, बॅकअप. होस्ट रोज बॅकअप घेतो असं म्हणतो, ठीक आहे, पण तो कुठे ठेवतो? मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, आणि ज्यांचे बॅकअप त्याच ठिकाणी होते त्यांचे तेही गेले. तेव्हा एक प्रत स्वतःच्या हातात हवी, फाइली आणि डेटाबेस दोन्ही. वर्डप्रेसमध्ये नुसती पोस्ट एक्सपोर्ट केली तर मजकूर येतो, फोटो त्यात येत नाहीत. आणि ती प्रत एकदा कुठेतरी उघडून बघा, न उघडलेल्या बॅकअपवर विसंबून राहू नये.

पाटीपेन्सिल

शिकायची तयारी आहे म्हणताय तर स्टॅटिक साइटचाही (आधीच बनवून ठेवलेल्या पानांची साइट) विचार करा. गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट चालते, डेटाबेस नाही, प्लगइन नाहीत, हॅक व्हायला फारसं काही उरत नाही.

रात्रपाळी

चांदणवेडींच्या बाबतीत मी असहमत आहे. गिटहब पेजेसवर साइट १ जीबीच्या आत ठेवावी लागते, फोटो भरपूर म्हटल्यावर ती मर्यादा आज ना उद्या येणार. शिवाय प्रत्येक लेखाला फाइल बनवा, पुश करा (म्हणजे वर चढवा), हे ज्याला आवडतं त्यालाच जमतं. त्यांना लिहायचंय, त्यांचा वेळ लिहिण्यात जाऊ दे.

पाटीपेन्सिल

फोटोंचं मान्य. पुढे कधी जायचं तर डोमेन हातात आहेच.

चांदणवेडी

सगळं वाचून असं ठरवलंय: डोमेन वेगळ्या रजिस्ट्रारकडे, डॉट कॉम, नाव फोनवर दोघातिघांना सांगून मगच. होस्टिंग शेअर्ड, एका वर्षाचं, वर्डप्रेस. डोमेन घेताना कुठल्या खुणा कराव्यात, कुठल्या काढाव्यात? तिथे खूप चौकटी असतात.

ध्रुवमत्स्य

ऑटो रिन्यू चालू. प्रायव्हसी चालू, नाहीतर काही ठिकाणी तुमचा पत्ता आणि फोन सगळ्यांना दिसू शकतो, बऱ्याच रजिस्ट्रारकडे हे आता फुकट असतं. ट्रान्सफर लॉक (नाव परस्पर दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाऊ नये म्हणून) चालू. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू. बाकी वेबसाइट बिल्डर, सर्च इंजिन सबमिशन, जास्तीची सुरक्षा असल्या खुणा काढून टाका.

मालकाच्या जागी स्वतःचं खरं नाव, आणि ईमेल असा द्या की जो त्याच डोमेनवर चालत नाही, कारण डोमेन लटकलं तर पासवर्ड बदलायचा मेल पण तिथेच अडकेल. नोंदणीनंतर एक पडताळणीचा मेल येतो, १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही तर डोमेन बंद पडू शकतं, तो स्पॅममध्ये शोधा. पहिले ६० दिवस साधारणपणे रजिस्ट्रार बदलता येत नाही, नेमसर्व्हर मात्र कधीही बदलता येतात.

कार्ड बदललं की रजिस्ट्रारकडे नवीन कार्ड लगेच भरा. डॉट कॉमची मुदत संपली की बहुतेक ठिकाणी थोडे दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करता येतं, मग ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवस काहीच करता येत नाही आणि त्यानंतर ते ज्याला मिळेल त्याचं. चांगली नावं उचलायला यंत्रं टपूनच असतात. जमलं तर एकदम जास्त वर्षांचं भरा, १० वर्षांपर्यंत भरता येतं.

शब्दवेल्हाळ

आणि पहिला लेख टाकायच्या आधी वर्डप्रेसच्या परमलिंकच्या (लेखाच्या कायमच्या पत्त्याच्या) सेटिंगमध्ये जाऊन "पोस्टचं नाव" निवडा. प्रत्येक लेखाचा स्लग (पत्त्यातला शेवटचा तुकडा) हाताने छोटा रोमन लिहा, नाहीतर देवनागरी मथळा तसाच पत्त्यात जातो आणि लिंक पाठवताना टक्क्यांच्या खुणांनी भरून जाते. लेख टाकून झाल्यावर हे बदलायचं म्हणजे एकेकाचं रीडायरेक्ट करत बसावं लागू शकतं. लिंक इथे द्या, दुर्बिणीचा लेख मला वाचायचाय.